कीबोर्ड म्युझियममध्ये ठेवण्याआधी त्याचं रबर मिळवून द्या

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या रविवार पुरवणीत संगीत आणि संगणक या विषयावर आलेला लेख मी दुकानात बसून दोनदा वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की सगळे आवाज आता लॅपटॉपमध्ये मावतात, तेव्हा सिंथेसायझर नावाची वस्तू, म्हणजे स्वतःचा आवाज काढणारा आमचा कीबोर्ड, पाच-दहा वर्षांत हौशी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नाहीतर म्युझियममध्येच दिसेल. लेख अभ्यासानं लिहिला आहे. फक्त लिहिणाऱ्यानं मे महिन्यात जत तालुक्यात, उघड्या स्टेजवर, हळदीच्या कार्यक्रमाला कधी कीबोर्ड वाजवलेला नसावा.

मी मिरजेचा. वय ५८. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. आता महिन्याला दोन-तीन कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेतो आणि बाकीचे दिवस लोकांचे कीबोर्ड दुरुस्त करतो. मिरज सतारी-तंबोऱ्यांचं गाव, २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपल्या वाचकांना माहीत असेल. माझं दुकान त्या कारागिरांपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांच्या दारात भोपळे टांगलेले असतात, माझ्या टेबलावर पोट फाडलेले कीबोर्ड. वडील पेट्या दुरुस्त करायचे. नाटक मंडळ्यांच्या जुन्या पायपेट्या त्यांच्याकडे यायच्या आणि एखादी जर्मन ज्युबिलेट किंवा पॅरिसच्या कॅसरिएल स्वरांची, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्यांची, निघाली, की ताटावरून उठून यायचे. त्यातल्या कित्येक पेट्या वडिलांपेक्षा वयानं मोठ्या होत्या. भात्याचं कातडं बदललं, स्वर घासून सुरात आणले, की पेटी पुढची पन्नास वर्षं वाजायला मोकळी.

आता आधी जे कबूल करायचं ते करतो. आवाजाची लढाई सॉफ्टवेअरनं जिंकली, आणि तीही आज नव्हे, केव्हाच. कॉर्ग कंपनीचा एम-१ हा कीबोर्ड १९८८ साली आला. पियानो, व्हायोलिन, बासरी, ड्रम असे त्यातले सगळे मूळ नमुने मिळून ४ एमबीत बसवलेले होते. माझ्या फोननं काढलेला एक फोटो आज तेवढा होतो. पुतण्याच्या लॅपटॉपमधला एकटा पियानो कित्येक जीबीचा आहे आणि त्यात पेडल सोडताना तारांवर दांडी टेकल्याचा ‘थप्’सुद्धा ऐकू येतो. त्या एम-१चं सॉफ्टवेअर रूप पुढे कॉर्गनंच विकायला काढलं. यामाहाच्या डीएक्स-७ या जुन्या कीबोर्डसारखा वाजणारा ‘डेक्स्ड’ हा प्रोग्राम तर फुकट मिळतो. मूग कंपनीनं आपला १९७०चा मिनीमूग २०१६ साली पुन्हा बनवला, तेव्हा किंमत साडेतीन हजार डॉलरच्या घरात होती. त्याची सॉफ्टवेअरमधली नक्कल एखाद-दोनशे डॉलरात येते, आणि डोळे मिटून ऐकलं तर शंभरातल्या नव्वदांना फरक सांगता येणार नाही. मलाही खात्रीनं येईल असं नाही.

पुतण्या पुण्यात जाहिराती आणि वेब सिरीजना संगीत देतो. त्याच्या खोलीत एकही सिंथ नाही आणि त्याचं काही अडत नाही. दिग्दर्शक रात्री अकराला फोन करून सांगतो, की ती सतार नको, सारंगी टाक. हा सव्वाअकराला फाइल पाठवून झोपतो. हेच माझ्या कीबोर्डवर करायचं म्हटलं तर पॅच (म्हणजे तयार आवाज) शोधा, केबल लावा, तुकडा पुन्हा वाजवा, पुन्हा रेकॉर्ड करा. स्टुडिओपुरता निकाल लागलेला आहे.

त्यावर गळा काढण्याचा आम्हाला अधिकारही नाही. कीबोर्डनं आमच्या आधीच्या लोकांचं दुसरं काय केलं? मुंबईच्या स्टुडिओंतली व्हायोलिनवाल्यांची रांग कशी आखडत गेली ते त्या काळचे वादक सांगतात. आमच्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवणारे एक मास्तर होते. मी २००३ साली रोलंडचा एक्सपी-३० जुना घेतला आणि दोन हंगामांत मास्तरांना सुपारी येणं थांबलं. ते मला कधी काही बोलले नाहीत. भेटले की म्हणायचे, “तुझी बासरी झकास वाजते रे.” क्लॅरिनेटचं नाव काढायचे नाहीत.

तो एक्सपी-३० अजून माझ्याकडे आहे. मॉडेल १९९९चं. एका वेळी चौसष्ट सूर, पॅच चौदाशेच्या घरात. त्यातले वापरतो चाळीसेक, आणि ते चाळीस अंधारात हाताला सापडतात. त्याच्या डाव्या अंगाला एक लिव्हर आहे. ती डावी-उजवीकडे वळवली की सूर खाली-वर होतो आणि पुढे ढकलली की सूर थरथरतो. मला विचाराल तर आपल्याकडच्या कीबोर्डवादनाची अर्धी विद्या त्या लिव्हरमध्ये आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत तिचा उपयोग गिटारची तार ओढल्यासारखा दिला असेल. आपल्याला सनई काढायची असते. मग लिव्हर आधीच डावीकडे ओढून धरायची, उजव्या हातानं सूर दाबायचा आणि लिव्हर हळूच सोडायची, म्हणजे सूर खालून चढत येतो. किती हळू सोडायची, ते गाण्यावर. गंधारावरून रिषभावर उतरताना दोन वेगळ्या पट्ट्या दाबल्या तर पोस्टमननं शिक्के मारल्यासारखं वाटतं. तिथं एकच पट्टी धरून मनगटानं उतरावं लागतं. माझ्या लिव्हरचा ताण मला माहीत आहे. पुतण्याच्या कंट्रोलरवर, म्हणजे लॅपटॉपला जोडायच्या नुसत्या पट्ट्यांवर, चाक आहे. ते वेगळं फिरतं, आणि त्याच्याकडे गेलो की माझी सनई पहिली पाच मिनिटं शिंकते.

पुतण्या म्हणतो, “काका, पाच मिनिटांनी बसतो ना हात? मग तक्रार कसली?” बरोबर आहे. हात कशावरही बसतो. पण ज्यावर बसवला ती वस्तू पुढच्या वर्षी तीच, तशीच हवी. सतारीचे पडदे दर सहा महिन्यांनी आपोआप सरकायला लागले तर कोण सतार शिकेल?

इथं मला लेखाच्या मूळ मांडणीबद्दलच शंका आहे. हार्डवेअर एकीकडे आणि सॉफ्टवेअर दुसरीकडे अशी कुस्ती त्यात लावली आहे. मी रोज या डब्यांची झाकणं उघडतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या बहुतेक कीबोर्डांत आत संगणकच बसलेला असतो. कॉर्गचा क्रोनॉस २०११ साली आला, त्याच्या पोटात इंटेलचा ॲटम प्रोसेसर आणि वर लिनक्स, दोन्ही संगणकातलेच. त्याच कंपनीच्या वेव्हस्टेटमध्ये रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाची पट्टी आहे, जिच्यावर इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट करतात. म्हणजे आवाज दोन्हीकडे सॉफ्टवेअरच काढतं. जुन्या ॲनालॉग यंत्रांची, म्हणजे थेट सर्किटमधून आवाज काढणाऱ्यांची, गोष्ट निराळी, पण ती आमच्या भागात कुणाकडे होती? चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या रोलंडच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून तबकडी काढली, ती तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि परदेशातल्या लोकांनी डोक्यावर घेतली. मिरजेत आम्ही १९८२ साली बुलबुलतरंगाला पिकअप लावून खूश होतो.

टीबी-३०३चा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. गिटारवाल्यांना सोबतीला बास वाजवणारा डबा म्हणून ते यंत्र बनवलं होतं. त्या कामात ते सपशेल पडलं आणि दोन-तीन वर्षांतच कंपनीनं बंद केलं. मग शिकागोच्या पोरांनी ते जुन्या बाजारात कवडीमोलानं उचललं, त्याची बटणं वाटेल तशी पिळली आणि त्यातून नाचाच्या संगीताचा एक अख्खा प्रकार निघाला. १९९७ साली ‘रिबर्थ’ नावाच्या सॉफ्टवेअरनं त्याची हुबेहूब नक्कल केली. लोक म्हणाले, आता मूळ यंत्राची गरज संपली. ते रिबर्थ २००५ साली बंद झालं. आयपॅडसाठी पुन्हा काढलं, ते २०१७ साली मागे घ्यावं लागलं. मूळ ३०३ मात्र अजून वाजतात आणि लोक त्यांना लाखांत पैसे मोजतात. नक्कल आधी गेली.

हे अपवादानं घडतं असं कुणी म्हणेल, म्हणून आणखी सांगतो. ॲपलनं २०१९च्या मॅक प्रणालीत ३२ बिटांची सॉफ्टवेअरं चालवणं बंद केलं, आणि ज्यांचे निर्माते धंदा सोडून गेले होते असे कितीतरी प्लगइन, म्हणजे संगणकातल्या वाद्यांचे प्रोग्राम, एका रात्रीत मुके झाले. २०२० साली त्यांनी प्रोसेसरच बदलला, तेव्हा पुन्हा तीच धास्ती. मार्च २०२३ मध्ये वेव्हज या मोठ्या प्लगइन कंपनीनं विक्री बंद, यापुढे फक्त भाडं असं जाहीर केलं. लोक इतके खवळले की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. रोलंडसुद्धा आपल्या जुन्या यंत्रांचे आवाज आता भाड्यानं देते. भाडं भरणं थांबलं की आवाज बंद. आमच्या धंद्यात पावसाळ्याचे तीन महिने सुपारी नसते. तेव्हा पेटीनं भाडं मागितलेलं मला परवडणार नाही.

आता स्टेजवर या. जतच्या त्या हळदीला आमच्याबरोबर एक तरुण मुलगा होता, हुशार, लॅपटॉप घेऊन वाजवणारा. स्टेज पश्चिमेला तोंड करून. साडेपाचचं ऊन थेट स्क्रीनवर. त्यानं आधी टॉवेल लावला, मग छत्री धरायला एक पोरगा उभा केला. तिसऱ्या गाण्यात लॅपटॉपचा पंखा मिक्सरवाल्याला ऐकू येईल इतका ओरडायला लागला आणि चौथ्यात आवाज तुटायला लागला. त्यानं बफर वाढवला. हे बफर म्हणजे काय ते इथं सांगायला हवं, कारण लेखात त्याचा उल्लेखच नाही. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने काढतो. ते एकेक न पाठवता गठ्ठ्यानं पाठवतो. २५६चा गठ्ठा असेल तर पट्टी दाबल्यापासून आवाजाला साधारण ६ मिलिसेकंद उशीर होतो, आणि १०२४चा असेल तर २३. आकडे क्षुल्लक वाटतील. पण हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे २३ मिलिसेकंद उशीर हा आपला स्पीकर आठ मीटर लांब, मांडवाच्या पार टोकाला ठेवल्यासारखा. ढोलकी शेजारी वाजतेय आणि तुमचे सूर मांडवाच्या टोकावरून येताहेत! त्या पोराची लय सुटली. ढोलकीवाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की मला माझा पहिला कार्यक्रम आठवला.

कीबोर्डलाही उशीर असतो. पण तो कारखान्यात ठरलेला, थोडा, आणि रोज तेवढाच.

पुतण्या यावर सांगतो, की चांगला लॅपटॉप घ्या, चांगला ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारा डबा) घ्या, काही होत नाही. मोठ्या गायकांच्या कार्यक्रमांत लॅपटॉपच असतात, आणि एक बिघडला तर शेजारी दुसरा तयार असतो. तिथं साउंडची माणसं वेगळी, एसी हॉल, बिदागी वेगळी. आमच्याकडे कंट्रोलर, लॅपटॉप, इंटरफेस, दोन यूएसबी केबल आणि चार्जर एवढं सामान टेम्पोच्या मागं ऑक्टापॅडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, ठेवून नेतात. नवरदेवाचा मामा नाचता नाचता स्टँडला धडकला की यूएसबीची पिन हलते. जॅकची पिन हलत नाही, ती मामासकट सगळं ओढत नेते, पण आवाज देते.

एका बाबतीत मात्र लॅपटॉप माझ्यापुढे गेला, ते लपवत नाही. कवठेमहांकाळजवळ गणपतीच्या कार्यक्रमात जनरेटर बंद पडला आणि दहा सेकंदांनी चालू झाला. माझा कीबोर्ड नव्यानं सुरू होऊन पहिल्या पॅचवर, म्हणजे पियानोवर जाऊन बसला. अंधारात मी आरतीच्या मधोमध टाळ्यांऐवजी पियानो वाजवला. लॅपटॉपला बॅटरी असते. तो काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चालू होता. स्टेजवरचे मोठे कीबोर्ड बनवणाऱ्या बहुतेकांना चाळीस वर्षांत आत एक छोटी बॅटरी घालावीशी वाटू नये याचं मला नवल वाटतं. पाचशे रुपयांच्या खेळण्यात ती असते.

तर स्पर्धेत टिकण्याचं गुपित आवाजात नाही. यामाहानं आपल्याकडच्या लोकांसाठी पीएसआरची ‘आय’ मालिका काढली, तिच्यात देशी ठेके घातले, रियाजाला तंबोरा-तबल्याची सोय दिली. रोलंडनं एक्सपीएस-१०मध्ये आपले आवाज आणि श्रुती हलवण्याची बटणं दिली. ती यंत्रं आमच्या भागात गल्लोगल्ली दिसतात, ती याच्यामुळे. क्लासमधल्या मुलाला ‘काळी दोन’मध्ये गाणं हवं असेल तर एक बटण दाबायचं. प्लगइनमध्येही ते होतं, तीन खिडक्या उघडून. आणि किमतीचं म्हणाल तर खरं बोलायला हवं. आमच्या भागात प्लगइन पैसे देऊन घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कुलूप तोडलेली कॉपी पेन ड्राइव्हवरून फिरते. सॉफ्टवेअर स्वस्त पडतं असं जे म्हणतात, ते पुष्कळदा चोरीच्या मालाचा भाव सांगत असतात.

एवढं लिहिलं, पण या पत्राचं खरं कारण पुढे आहे.

अनंत चतुर्दशी झाली की माझा हंगाम सुरू होतो. बेंजो पार्ट्यांचे, मंडळांचे, ट्रॉलीवरून मिरवलेले कीबोर्ड पोत्यात गुंडाळून येतात. झाकण उघडलं की आतून गुलाल सांडतो. माझ्या दुकानाची फरशी ऑक्टोबरपर्यंत गुलाबी असते, बायको चप्पल घेऊन घरात येऊ देत नाही. कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी असते आणि तिच्यात कार्बनचे दोन ठिपके. पट्टी दाबली की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा नंतर. मधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की तुम्ही जोरात दाबली की हळू. त्या दोघांत गुलाल गेला की हिशेब बिघडतो. मग एखादा सूर मुका होतो, नाहीतर मध्येच किंचाळतो. पोरं म्हणतात, “काका, मधला सा येडा झालाय, बघा की.” रबर काढायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, बोर्ड कोरडा करायचा, लावायचं. दीड-दोन तासांचं काम. गेल्या वर्षी त्या पंधरवड्यात सतरा कीबोर्ड गुलालातून काढले.

पण पुसून पुसून रबर एक दिवस फाटतं. तेव्हा नवं लागतं. एका नामांकित कंपनीच्या, सहा वर्षं वयाच्या कीबोर्डसाठी बारा पट्ट्यांचा एक रबरी तुकडा मागवायला मी चार महिने पत्रव्यवहार केला. आधी म्हणाले अधिकृत केंद्रात आणा. अधिकृत केंद्र इथून दोनशे किलोमीटरवर. तिथं नेला तर म्हणाले, सुटा तुकडा मिळत नाही, पूर्ण की-बेड, म्हणजे पट्ट्यांचा अख्खा सांगाडा, बदलावा लागेल, आणि तो उपलब्ध नाही. ग्राहकाला त्यांनी नवं मॉडेल दाखवलं. तो पोरगा आटपाडीचा, मजुरी करून हप्त्यावर कीबोर्ड घेतलेला. शेवटी मी मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात दोन दिवस फिरून दुसऱ्याच यंत्राचं रबर आणलं, ब्लेडनं कापून बसवलं. वाजतोय. पण हा माझ्या हाताचा जुगाड झाला. उद्या माझे डोळे गेले की तोही नाही.

आणि हे पूर्वी असं नव्हतं, म्हणून जास्त लागतं. जुन्या यंत्रांच्या सर्व्हिस पुस्तकांत पूर्ण सर्किटचं चित्र, प्रत्येक भागाचा नंबर, कुठला स्क्रू आधी काढायचा इथपर्यंत सगळं असायचं. काही वर्षांपूर्वी इथल्या एका चर्चमधला डीएक्स-७ माझ्याकडे आला. हे यंत्र १९८३चं, जगभरात दीड लाखांहून अधिक खपलेलं. तक्रार अशी, की नवे बसवलेले आवाज राहत नाहीत आणि जे आहेत ते भुतासारखे ओरडतात. आतला गोल सेल दमला होता. इतक्या वर्षांनी दमणारच. तो बोर्डाला सोल्डरनं डकवलेला असतो. मी सेल काढला, तिथं नुसता होल्डर बसवला म्हणजे पुढच्या वेळी कुणालाही बदलता येईल, आणि त्यात तीस रुपयांचा नवा सेल घातला. आता बत्तीसच्या बत्तीस आवाज पुसलेले. ते कुठून आणायचे? पुतण्यानं लॅपटॉपवर मूळ आवाजांची फाइल मिळवली. अख्खे बत्तीस आवाज मिळून ४,१०४ बाइट! आपल्या या पत्राहून कितीतरी लहान. आधी डेक्स्डमध्ये उघडून ऐकले, मग मिडीच्या पाच पिनांच्या केबलनं लॅपटॉपमधून डीएक्स-७मध्ये सोडले. मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा, तिचा करार १९८३चा. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या सिंथेसायझर बनवणाऱ्या दोन प्रतिस्पर्ध्यांनी पुढाकार घेऊन तो घडवला आणि त्यावर कुणी हक्क सांगितला नाही. म्हणून चाळीस वर्षं जुन्या यंत्राला आजच्या लॅपटॉपची भाषा कळली. फादर आले, त्यातला तो प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानोचा आवाज वाजवून बघितला, आणि पैसे देताना तीनदा विचारलं, एवढेच?

त्या दिवशी पुतण्या काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, “काका, हे माझ्या लॅपटॉपचं चाळीस वर्षांनी कोण करणार?”

माझी भीती आहे ती हीच, आणि ती सॉफ्टवेअरची नाही. कंपन्या आता हार्डवेअरच सॉफ्टवेअरसारखं विकायला निघाल्या आहेत. चिकटवलेली झाकणं, न मिळणारे भाग, गुप्त सर्किट, चालू करायला नोंदणी, जास्तीच्या आवाजांना भाडं. दुरुस्त होणं, हाताला तेच लागणं आणि मालकाच्या मुलाला वारशानं मिळणं, एवढ्या तीन गोष्टींवर हा डबा लॅपटॉपपुढे उभा आहे. त्या काढून घेतल्या तर तो एक वाईट, महाग, स्क्रीन लहान असलेला संगणक उरतो. मग आपल्या लेखकाचं भाकीत खरं ठरेल, पण लॅपटॉपनं हरवलं म्हणून नव्हे.

यावर करता येण्यासारखं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केलं. त्यासाठी शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरातली टिकाऊ उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. ट्रॅक्टरचा आणि फ्रिजचा विचार झाला, चांगलं झालं. इलेक्ट्रॉनिक वाद्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही. खेड्यापाड्यांत कीबोर्ड आणि ऑक्टापॅडवर घर चालवणारी माणसं आहेत. त्यांच्या लेखी ते वाद्य म्हणजे ट्रॅक्टरच. माझी मागणी फार नाही. जे मॉडेल इथं विकता, त्याचं रबर, लिव्हर, डिस्प्ले, पॉवर बोर्ड हे चार भाग विक्री थांबल्यावर दहा वर्षं सुटे मिळावेत, कुणालाही, अधिकृत असो वा नसो. सर्किटचं चित्र द्यावं. आणि आतला सेल होल्डरमध्ये असावा. होल्डरची किंमत पाच रुपये आहे, मी देतो.

जपानमधल्या नोबेओका इथं ऑक्टोबर २०२० मध्ये एका चिप कारखान्याला आग लागली. आकड्यांचा आवाज करणारी चिप तिथं बनायची. त्या एका आगीनं जगभरातल्या कीबोर्ड आणि ऑडिओ कंपन्यांना बोर्ड नव्यानं आखायला लावले. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनाही कळलं असेल, एक भाग न मिळणं म्हणजे काय. मिरजेत ते आम्हाला दर गणपतीला कळतं.

आपण हे पत्र छापलंत तर नाव देऊ नये. ज्यांच्याकडे मला उद्या पुन्हा रबर मागायचं आहे, तेही आपलं वृत्तपत्र वाचत असतील.

आपला नम्र,
कीबोर्डवादक आणि दुरुस्तीवाला
मिरज, जि. सांगली

ता. क. लेखाबरोबर ‘काळाच्या पडद्याआड जाणारा सिंथेसायझर’ म्हणून जे छायाचित्र छापलं आहे, तो सिंथेसायझर नाही. तो मिडी कंट्रोलर आहे. त्याला स्वतःचा आवाज नसतो, तो लॅपटॉपलाच जोडावा लागतो.